ओली भिंत

नाझारेनो पित्तालुगाच्या घरात बँडोनियन या भात्याच्या वाद्याचं नाव काढायची सोय नव्हती. काढायचंच झालं तर 'ती पेटी' म्हणायचं, आणि तेही तो कामावर गेल्यावर. तो स्वतः मात्र मनात येईल तेव्हा तिचा उद्धार करायचा. 'जर्मन पेटारा' हे त्यातलं सगळ्यात सभ्य नाव. बाकीची नावं मी सांगत नाही. चौकात कपडे धुणाऱ्या बायकांनी ती ऐकली आहेत, तेवढं पुरे.

राहायचा तो बाराकास वस्तीतल्या एका चाळीत, नदीच्या अंगाला, जिथे कातडी कमावण्याच्या कारखान्यांचा वास वाऱ्याबरोबर थेट ताटात येतो. दोन्ही बाजूंना खोल्या, मधे लांबट चौक, चौकात द्राक्षाचा एक वेल, एक नळ आणि नळावरची भांडणं. धंद्याने नाझारेनो गिलावा करणारा. पण भिंतीला चुना थापून घरी जाणाऱ्यांतला नव्हे. ब्वेनोस आयरेसच्या बड्या घरांत दिवाणखान्याच्या छताखाली चुन्याची फुलं, द्राक्षांचे घोस, सिंहांची तोंडं असतात ना, ती याच्या हातची. सिंहाचं तोंड करताना मुकादमाला डोळ्यांसमोर ठेवतो, असं तो सांगायचा. मुकादमाला पाहिल्यावर ते कुणालाही पटायचं.

आणि शनिवारी संध्याकाळी तो बासरी वाजवायचा. काळ्या लाकडाची, चांदीच्या चाव्यांची, बापाने इटलीतल्या जिनोव्हाहून बोटीतून येताना अंगरख्यात गुंडाळून आणलेली.

ही गोष्ट टँगोला कुणी चारचौघांत बोलावत नव्हतं तेव्हाची. आता काय, आता त्याच्यासाठी लोक कडक कॉलर घालून बसतात. तेव्हा टँगो राहायचा नदीकाठी, रेमेदियोसबाईच्या पत्र्याच्या मांडवात. खाली मातीची जमीन, दुपारी पाणी शिंपडून चोपून घेतलेली. नाचायला गाडीवान, खाटीक, खलाशी, आणि त्यांच्याशी नाचायला तयार होतील अशा बाया. वाजवायला तिघंच. कासियानोचं व्हायोलिन, सेनोनची गिटार आणि नाझारेनोची बासरी.

सेनोन काळा. त्याची आजी गुलामांच्या घरची, आणि सणाच्या दिवशी तिच्या अंगणात ढोल घुमायचे. सेनोनचा अंगठा गिटारीवर तोच ठेका धरायचा, त्याला स्वतःलाही नकळत. त्यावर हवानाहून आलेल्या खलाश्यांच्या झुलत्या चाली बसल्या, त्यावर गुराख्यांच्या सवाल-जबाबाची गाणी बसली, आणि झाला टँगो. कुणी कुणाचं काय उचललं हे विचारलंत तर तिघं तीन उत्तरं द्यायचे आणि वर भांडायचे. सूर कागदावर लिहून ठेवतात, हे त्यांच्या कानावर होतं. पण कागद समोर धरला असता तर तिघांनीही त्यात चीज गुंडाळलं असतं.

आणि काय वाजवायचे हो. तो टँगो हसरा होता. बासरी पुढे पळायची, व्हायोलिन तिच्या मागे, आणि सेनोनची गिटार दोघांना शेपटीला धरून ताळ्यावर आणायची. नाचणाऱ्यांच्या टाचांनी धूळ उडायची, रेमेदियोसबाई झारीने पाणी शिंपडत फिरायची आणि दहाजणांचे बूट भिजवून वर त्यांनाच शिव्या घालायची. त्या मांडवातली एक संध्याकाळ कुणी परत देत असेल तर आजचे सगळे कडक कॉलरवाले मी हसत देईन.

नाझारेनोने स्वतःची एक चालही बांधली होती. चुन्याची फुलं बसवायची तर खालचा गिलावा अर्धवट ओला लागतो. फार ओला असेल तर फूल घसरतं, फार वाळला तर धरत नाही. म्हणून थांबायचं. हात लावायचा नाही, नुसतं थांबायचं. असा परांचीवर बसून थांबलेला असताना तो बासरी काढायचा, आणि अशाच कुठल्याशा दिवाणखान्यात ती चाल जुळली. तिचं नाव त्याने ठेवलं 'ओली भिंत'. मांडवात ती सुरू झाली की बसलेले उठायचे.

मग आला सेवेरो.

सेवेरो त्याच चाळीत पलीकडच्या अंगाला राहायचा आणि ट्राम चालवायचा. त्याने कुठल्याशा जर्मन खलाश्याकडून ती पेटी मिळवली होती. मांडीवर कापड टाकून त्यावर ठेवायची, दोन्ही हातांनी ताणायची आणि मिटायची. दोन्ही अंगांना बटणंच बटणं. त्यातही गंमत अशी की एकच बटण ताणताना एक सूर देतं आणि मिटताना भलताच. ज्याने ती बनवली त्याचं डोकं ठिकाणावर नसावं, असं सेनोन म्हणायचा. रेमेदियोसबाईने सेवेरोला चौथा म्हणून बसवला, आणि त्या बटणांच्या जंगलात त्याची बोटं वाट शोधत फिरायला लागली. त्याला काही धावता येईना. मग बाकीचे त्याच्यासाठी हळू झाले.

आणि तिथेच घोळ झाला. हळू वाजवल्यावर नाचणाऱ्यांच्या ध्यानात आलं की असं असेल तर बाईला जरा जवळ धरता येतं. एकदा हे कळल्यावर कोण परत धावतोय? त्यात त्या पेटीचा खर्जातला, घोगरा आवाज. पुरुषमाणसं डोळे मिटून नाचायला लागली. टँगो हसायचा थांबला आणि उसासे टाकायला लागला.

हळू झाले तसे सूर लांब झाले. 'ओली भिंत'च्या मधल्या भागात एक सूर होता, पूर्वी तो चुटकीसरशी संपायचा. आता तो संपता संपेना. एका शनिवारी नाझारेनो त्या सुरावर गेला, धरला, धरला, आणि त्याची छाती रिकामी झाली. सूर मधेच तुटला. त्याने श्वास घेतला तो साऱ्या मांडवाला ऐकू गेला, गळक्या नळासारखा शीळ घालत. बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अरे, बासरीवाल्याला पाणी द्या." लोक हसले. लोक काय, हसतातच.

पुढच्या शनिवारी रेमेदियोसबाईने त्याच्या हातात व्हर्मुत दारूचा पेला दिला आणि प्रेमाने म्हणाली, "आज तू नुसता बसून ऐक, सोन्या." त्याने पेला तसाच खाली ठेवला, बासरी रुमालात गुंडाळली आणि घरी आला.

"त्या जर्मन पेटाऱ्याने मला हाकललं," तो बायकोला म्हणाला. चाळीला म्हणाला, कामावरच्या लोकांना म्हणाला. जो थांबेल त्याला म्हणाला.

आसुंता ही त्याची बायको. त्याचे रुमाल तीच धुवायची. चुन्याच्या धुळीने छातीचं काय होतं ते तिला रुमालात दिसत होतं. तो फार वेळ पेटाऱ्याच्या नावाने खडे फोडायला लागला की ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"काय म्हणालीस?"

"काही नाही, म्हाताऱ्या. कांदा झोंबतोय."

म्हातारा तेव्हा तिशीचा होता. पण आमच्याकडे बायका लग्न झाल्यापासूनच नवऱ्याला म्हातारा म्हणतात, लाडाने. आणि त्याला ठाऊक होतं. अंगण वाकडं नव्हतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो इतका ओरडायचा.

मांडव सुटला तरी बासरी लगेच सुटली नाही. कामावरून आला की तो वेलाखाली बसायचा, आसुंता नळीने ओढायचा माते, म्हणजे पानांचा कडू काढा, भोपळ्याच्या पेल्यात भरून द्यायची, आणि ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की तो 'ओली भिंत' वाजवायचा. संथ वाजवायचा आता, कारण त्या पेटीने त्याच्याही कानाला तीच सवय लावली होती. त्याची धाकटी मुलगी निल्दा त्याच्या बुटांवर बसून ऐकायची. अक्षरशः बुटांवर. बाप पायाने ताल धरायचा आणि पोरगी वर-खाली व्हायची. कधी वाजवताना खोकला आला तर ती मान वर करून वाट बघायची. ते दिवस नाझारेनोला पुढे फार आठवायचे. मग खोकला वाढला, आणि बासरी पिठाच्या रिकाम्या डब्यात, कपाटावर गेली.

निल्दा मोठी झाली, शिवणकामाला जायला लागली. आणि दुपारी, बाप कुठल्यातरी छताखाली सिंह घडवत असताना, सेवेरोकडे त्याच पेटीवर शिकायला लागली. अख्ख्या चाळीला माहीत होतं. आसुंताला माहीत होतं. नळावरच्या बायका पाळत ठेवायच्या, आणि नाझारेनो कोपऱ्यावर दिसला की मोठ्याने 'किती गं उकाडा' म्हणायच्या. एकदा ऐन थंडीत त्या तसं म्हणाल्या, आणि तो चमकला. तो सरळ सेवेरोच्या दाराशी गेला. आत त्याची मुलगी बसली होती, मांडीवर कापड, कापडावर पेटारा.

काय काय झालं ते चाळीने ऐकलं. निल्दा एवढंच म्हणाली, "पापा, मला ती आवडते."

"आवडते? तुझ्या बापाच्या पोटावर पाय दिला तिने!"

"तुझं पोट चुन्यावर चालतं, पापा."

झालं. त्या दिवसापासून नाझारेनोने मुलीशी बोलणं टाकलं. एका खोलीत राहायचं, एका टेबलाशी जेवायचं, आणि बोलायचं नाही. पुचेरोचं, मांस-भाज्यांच्या रश्श्याचं, पातेलं मधे वाफाळत असायचं, मीठ निल्दाच्या हाताशी असायचं, आणि हा म्हणायचा, "आसुंता, तुझ्या मुलीला सांग, मीठ दे."

आसुंता म्हणायची, "निल्दा, तुझा बाप मीठ मागतोय."

निल्दा मीठ आईला द्यायची, आई त्याला. त्या मिठाने इतका प्रवास केला की आसुंता म्हणायची, एवढ्यात ते जिनोव्हाला जाऊन आलं असतं. रात्री ती रडायचीही. पण दोघांनाही नाकावर माशी बसू द्यायची नव्हती. त्या बाबतीत पोरगी बापावर गेली होती.

पुढे निल्दाला एस्त्रेया नावाच्या काफेत काम मिळालं. तेव्हा बायकांच्या वाद्यवृंदांची टूम निघाली होती. पांढरे झगे घालून मुली उंच मंचावर बसायच्या आणि लोक संध्याकाळचं व्हर्मुत घेता घेता ऐकायचे. टँगोही आता अंघोळ करून शहरात आला होता. सेवेरोने आपली पेटीच तिला देऊन टाकली. आसुंता दर शनिवारी म्हणायची, "चल ना रे म्हाताऱ्या, एकदा. मागे बसू." तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

आणि एके दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सेवेरो त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय काम?" नाझारेनोने तोंडातली मातेची नळी न काढता विचारलं.

"तुझ्या मुलीबद्दल तक्रार आहे."

"माझी नाही. आसुंताची मुलगी आहे ती."

"बरं. आसुंता, तुझ्या नवऱ्याला सांग की तुझी मुलगी एस्त्रेयात 'ओली भिंत' वाजवते."

नाझारेनोने नळी काढली.

"आणि मोडते," सेवेरो आता सरळ त्याच्याशीच बोलायला लागला. "तो मधला लांब सूर आहे ना, तो अर्ध्यात सोडते. पेटी हुश्श करून मिटते, गप्प बसते आणि मग उरलेला वाजवते. मला वाटायचं, भाता गळका आहे, पोरीला वारा पुरत नाही. म्हणून परवा मी कोपऱ्यांची सगळी कातडी नवी बसवून दिली. आता मुंगी शिरायची नाही. तरी पठ्ठी तिथेच मिटते! भाता अजून हातभर ताणायचा शिल्लक, आणि ही मिटते. ओरडलो तर म्हणते, चाल तशीच आहे. मी तुझ्याबरोबर वाजवलीय ती चाल. तशी नाही."

"तशी नाहीच."

"मग जाऊन सांग. माझं ऐकत नाही. लोक म्हणतील, बांधणाऱ्यानेच तोडकी बांधली."

हे वर्मी लागलं. त्या चालीशिवाय नाझारेनोकडे मांडवातलं काही उरलं नव्हतं. कासियानो गेला, सेनोन गेला, मांडवाच्या जागी लोकरीचं गोदाम उभं राहिलं. आणि आता ही कार्टी, त्या पेटाऱ्यावर, त्याची चाल मोडते? शनिवारी त्याने स्वतः होऊन लग्नातला कोट काढला. आसुंताने तोंडातून शब्द काढला नाही, बोलली असती तर तो कोट परत कपाटात गेला असता.

एस्त्रेयात तो मागे, खांबाला टेकून बसला. पुढे व्हर्मुत, बशीत ऑलिव्ह, आणि नखांत चुना. मुली वर येऊन बसल्या. निल्दाने मांडीवर कापड पसरलं, एक पाय लाकडी खोक्यावर टेकवला आणि पेटी उचलली. किती मोठी दिसत होती पोरगी. वर्षभर समोर जेवत होती, पण बोलायचं नाही म्हणून त्याने तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

पहिल्या दोन गाण्यांना त्याने नावं ठेवली. व्हायोलिनवाली घाई करते, पियानोवालीला झोप आलीय. आसुंता 'हो हो' म्हणत ऑलिव्ह खात होती. मग 'ओली भिंत' सुरू झाली.

त्याला ती आवडून घ्यायची नव्हती. पण खर्जातून ती निघाली आणि त्याला परांची आठवली, चुन्याचा थंड वास आठवला, वाट बघणं आठवलं. बासरीवर ही चाल हसायची. इथे ती वय झालेल्या माणसासारखी बोलत होती, आणि त्याचंही वय झालं होतं. लांब सूर जवळ आला तसा तो पुढे सरकला. आता मोडेल. आता उठायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, थांब, असं नाही.

निल्दा त्या सुरावर आली. पेटी ताणत गेली, ताणत गेली, आणि अर्ध्यावर तिने बोट उचललं. अंगठ्याने हवेची कळ दाबली. भाता मिटला, हुश्श करत, शीळ घालत. व्हायोलिनवाल्या मुलींनीही गज वर धरले. काफेतले चमचे थांबले. पेला ओठाशी नेणारा तसाच राहिला. कुणी हसलं नाही.

आणि त्या शांततेत नाझारेनोने श्वास घेतला. त्याने ठरवून घेतला नाही. छातीने आपणहून घेतला, नेमका तिथे, नेमका तेवढाच, आणि तीच शीळ घालत. आसुंताने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

उरलेला सूर आला. नाझारेनोला तो ऐकू आला नाही. त्याला वेल दिसत होता, आणि बुटांवर बसलेली पोर, मान वर करून वाट बघणारी. तिला काय ठाऊक, चाल कुठे संपते आणि बापाची छाती कुठे सुरू होते? तिने सगळंच पाठ केलं होतं. ज्या श्वासाची त्याने आयुष्यभर लाज बाळगली, तो तिने इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता, सुरासारखाच. त्याला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच, आणि तो लग्नातल्या कोटाच्या बाहीने डोळे पुसायला लागला.

मधल्या सुट्टीत तो मंचाच्या पायऱ्यांपाशी गेला. निल्दाने त्याला पाहिलं आणि पेटीवरचे हात तसेच ठेवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलायची वेळ आली होती. तीच आधी म्हणाली, "सेवेरोकाका म्हणतात, मी तिथे चुकते. चाल तशी नाही म्हणतात."

"नाहीच आहे तशी," नाझारेनो म्हणाला.

तिचा चेहरा पडला.

"तिथे माझा दम संपायचा, पोरी." हे त्याने आसुंतालाही कधी सांगितलं नव्हतं. "मांडवात पण संपला. म्हणून सुटला मांडव. पेटीने नाही हाकललं मला."

 निल्दा हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तेच सगळ्यात छान आहे त्यातलं." आणि बटणांवरून बोट फिरवत, "मग आता कशी वाजवू? सलग?"

नाझारेनोने त्या जर्मन पेटाऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यांची नवी कातडी चकाकत होती.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तशीच. मला लागतो तिथे श्वास."

त्या रात्री तिघं एकत्र चालत घरी आले. पेटी नाझारेनोच्या हातात होती, आणि ही फार जड आहे अशी कुरकुर तो बाराकास येईपर्यंत करत होता. आसुंताने पुचेरो गरम केलं आणि पातेलं मधे ठेवलं. नाझारेनोने एक घास घेतला आणि म्हणाला, "निल्दा, मीठ दे."

आसुंताने सवयीने मान वळवली. "निल्दा, तुझा बाप मीठ..." असं म्हणत होती ती, तोवर मीठ त्याच्या हातात गेलं होतं.